बंकटराव शिवारात गेलेत

७ एप्रिल, सोमवार

पोहोचले एकदाची! सहाच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तेलगावला गरम भजी मिळाली, आणि सिरसाळ्याला उतरले तर आमिनाबी स्वतः छत्री घेऊन स्टँडवर उभ्या. या माझ्या घरमालकीण. त्यांची मुलं टरबूज-मोसंबीचा गाडा लावतात, त्यामुळे खोलीत पाऊल टाकायच्या आधीच हातात टरबुजाची फोड आली. खोली लहान आहे पण स्वच्छ. कूलर आवाज भरपूर करतो, हवा बेताचीच. चालेल.

ही डायरी अब्बांनी दिली. त्यांच्या गॅरेजात येणाऱ्या एका विमा एजंटाची भेट. पिशवीत टाकताना म्हणाले, ऑफिसात जे घडेल ते त्याच दिवशी तारखेसकट लिहायचं. आणि काही वादाचं असेल तर कागदावर घ्यायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. खरंच आहे त्यांचं. बीडच्या बियाणे कंपनीत माझ्याकडे एक चिटोरं असतं तरी मी वाचले असते. उगवणीचा चुकीचा अहवाल दिला दुसऱ्यानं, आणि साहेबांसमोर तिघांनी मिळून नाव घेतलं माझं. आठव्या दिवशी मी घरी. अब्बा कुणाला काही बोलले नाहीत, पण पुढे महिनाभर नमाजाला गल्लीतली मशीद सोडून लांबच्या मशिदीत जात होते.

या वेळी त्यांनी स्पष्ट सांगितलंय. हे शेवटचं. तीन महिन्यांनी कायम झाले तर उत्तम. पुन्हा नावाला बट्टा लागला तर घरी बसायचं आणि ते ठरवतील तिथं निकाह करायचा. मी हो म्हणाले. नाकासमोर चालायचं, कुणाच्या चुगल्या ऐकायच्या नाहीत, कुणाच्या गटात जायचं नाही. बघूच कोण काय करतं माझं.

८ एप्रिल, मंगळवार

पहिला दिवस झक्क गेला.

ऑफिस म्हणजे परळी रोडवरचं एका संस्थेचं माती परीक्षण केंद्र. शेतकरी अर्धा किलो माती कापडी पिशवीत घालून आणतात, आम्ही ती तपासून सांगतो, चुनखडी किती, क्षार किती, कोणतं पीक येईल, कोणतं येणार नाही. पुढं एक हॉल, मागं माती वाळवायची खोली. हॉलमध्ये पाच टेबलं. दाराशी मल्लिकार्जुनआप्पा, आमचे प्रमुख. कपाळावर भस्माचे पट्टे आणि आवाज अगदी मऊ. मग शांतादेवी, त्या नोंदी आणि कॉम्प्युटर बघतात. मग इरशादभाई, यंत्रं त्यांच्या हातात. चौथं माझं. पाचवं खिडकीखाली, ते बंकटरावांचं. ते नमुने आणायला शिवारात गेलेत म्हणे.

दुपारी सगळे डबे मध्ये ठेवून जेवलो. शांतादेवींनी त्यांच्या डब्यातला भाग मला आधी वाढला. चहा आला तेव्हा पाच कप होते. पाचवा बंकटरावांच्या टेबलावर ठेवला, वर बशी झाकून.

इरशादभाईंनी एकच ताकीद दिली. वाळवायच्या खोलीत माती वर्तमानपत्रांवर पसरलेली असते आणि प्रत्येक ढिगावर नुसती नंबराची चिठ्ठी असते. तेव्हा लई उकडलं तरी तिथला पंखा लावायचा न्हाई. मी डोळे मिटून मान डोलावली.

१० एप्रिल, गुरुवार

आज या ऑफिसची गंमत कळली. एक म्हातारे रागारागानं आले, त्यांच्या अहवालावर भलत्याच गावाचं नाव पडलं होतं. आता हे एकमेकांवर ढकलणार, आणि शेवटी ते नव्या मुलीवर येऊन थांबणार. पण शांतादेवींनी मान वर न करता सांगितलं, की ते बंकटरावांचं हाय. इरशादभाई तेच म्हणाले, आप्पाही तेच म्हणाले. म्हातारे कुरकुरत गेले आणि विषय संपला.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी आप्पांनी दिवसभरातली चूक एका चिठ्ठीवर लिहिली आणि वाचून दाखवली. तिघं एका सुरात म्हणाले, “बंकटरावांचं.” चिठ्ठी पाचव्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेली. मला हसूच फुटलं. आप्पाही हसले. म्हणाले, “हे बग पोरी, हितं कुणी कुणावर बोट ठेवत न्हाई. लई शांत हापीस हाय आपलं.”

खोट काढायची तर कशात काढू! असं ऑफिस मला आधी का नाही मिळालं?

११ एप्रिल, शुक्रवार

इरशादभाई जुम्याच्या नमाजाला गेले होते, आप्पा घरी जेवायला, शांतादेवी पोस्टात. हॉलमध्ये मी एकटी, बारा-साडेबाराचं ऊन दारात. माझ्यासमोरच पाचव्या टेबलावर चहा ठेवलेला होता, भरलेला, बशी झाकून. मी एक नोंद करून मान वर केली तर बशी बाजूला होती आणि कप रिकामा. कडेला काळ्या मातीचा डाग. ओठ टेकतात तिथं.

मांजर असेल. मांजर बशी बाजूला ठेवत नाही, हे मला कळतं. पण मी कुणाला विचारलं नाही. नव्या माणसानं प्रश्न विचारले की त्याच्याबद्दल बोलणं सुरू होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

किल्ली आता माझ्याकडे असते, सकाळी ऑफिस मीच उघडते. आज हजेरीपटावर सही करायला गेले तर बंकटरावांची सही आधीच होती. शाई ओली. माझ्या बोटाला लागली. मागची पानं चाळली, रोज सही, एकही खाडा नाही. शांतादेवी करत असतील आदल्या संध्याकाळी, म्हणून मनाची समजूत घातली. ओल्या शाईचं काय ते मात्र सुचलं नाही.

खोलीवर आल्यावर आमिनाबींना सहज विचारलं, बंकटराव म्हणून कुणी ओळखीचे? त्या म्हणाल्या, “व्हता की. पाच-सहा सालं झाली. लई गरीब मानूस. गेलता कुटं तरी, परत आला न्हाई. कुनी विचारायला बी आलं न्हाई.” आणि टरबुजाच्या बिया वेचत बसल्या.

१६ एप्रिल, बुधवार

माझ्याकडून चूक झालीय. इथं खरं लिहिते, कारण ही डायरी माझी आहे.

वाळवायच्या खोलीत आज भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. घाम डोळ्यांत जात होता. फक्त पाच मिनिटं पंखा लावला, एक नंबरावर. चिठ्ठ्या उडाल्या. सगळ्या नाही, दोनच. एक्केचाळीस आणि सत्तेचाळीस. मला वाटलं आठवतंय कोणती कुठली, म्हणून परत ठेवल्या. कुणी पाहिलं नाही. इरशादभाईंना सांगायला हवं होतं. पण तीन महिने, अब्बा, निकाह. बरोबरच ठेवल्या असतील मी.

१८ एप्रिल, शुक्रवार

एक्केचाळीस नंबर धर्मापुरीच्या सिदूमामांचा. आज अहवाल न्यायला आले. गेल्या पावसाळ्यात दोनशे मोसंबीची रोपं लावलीत, टँकरच्या पाण्यावर जगवलीत, आता खत काय घालू म्हणून माती आणली होती. माझ्यासाठी चिंचांची पिशवी घेऊन आले होते. अहवालात आलंय, चुनखडी फार, मोसंबी टिकणार नाही. कागद दोनदा वाचला. मग मलाच म्हणाले, “आसंल ताई. मशीन कावून खोटं बोलंल?”

चिंचा मी खाल्ल्या नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार

सिदूमामा आले. हातात उपटलेलं रोप, मुळाशी माती वाळलेली. दोनशेच्या दोनशे उपटली त्यांनी. मग शेजाऱ्यानं शंका काढली म्हणून परळीला दुसरीकडे माती दाखवली, तर ती अगदी चांगली निघाली. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, “ताई, तुमच्या कागदावर इश्वास ठिवला मी.”

आप्पा, शांतादेवी, इरशादभाई, तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ते बंकटरावांचं आहे.

इतकं सोपं होतं ते. जीभ अडखळली सुद्धा नाही. संध्याकाळी चिठ्ठी निघाली, चौघांनी एका सुरात म्हटलं, ड्रॉवर बंद झाला. मला स्वतःची शिसारी आली. बीडला माझं नाव घेणारे तिघं असेच म्हणाले असतील, असंच सहज.

पण तोंडी बोलण्याचा काय भरवसा? उद्या कुणी पंख्याचं काढलं तर? मी अब्बांनी शिकवलं तेच केलं. कागद घेतला आणि लिहिलं, नमुना एक्केचाळीस व सत्तेचाळीस यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल बंकटराव यांच्याकडून झाली. खाली माझी सही केली, शेजारी त्यांच्या सहीसाठी जागा सोडली. निघताना तो कागद त्यांच्या कपाखाली ठेवून आले. शांतादेवी हजेरीवर करतात तशी यावरही सही करतील, असा माझा हिशेब.

२२ एप्रिल, मंगळवार

सही झालीय! सकाळी उघडलं तर कागद माझ्या टेबलावर, नीट घडी घालून. कागदावर माती सांडली होती, ती झटकली. डायरीच्या खिशात ठेवलाय. आता कुणी माझं काही करू शकत नाही.

शांतादेवींना हळूच धन्यवाद म्हणाले. त्यांनी विचारलं, कशाचे?

२३ एप्रिल, बुधवार

इरशादभाईंना कागद दाखवला. दाखवायला नको होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्याशी ते एरवी दखनी उर्दूत बोलतात, आज सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत बोलले. “आमी नुसतं तोंडानं म्हंतो ताई. कागदावर तुमी कावून घेतलं?”

मग दारापाशी नेऊन सगळं सांगितलं. बंकटराव माझ्यासारखेच नवीन आले होते. कुणाशी भांडत नसत, म्हणून सगळ्यांच्या चुका त्यांच्यावर जायला लागल्या. रोज एक. ते काही बोलत नसत. मग हळूहळू ते दिसेनासे झाले. कुठं गेले म्हणून कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कुणाची चूक ते निघालं असतं. आठ दिवसांनी हजेरीवर त्यांची सही दिसायला लागली. त्या दिवसापासून पाचवा कप. तोंडानं नाव घेतलं तर ते ऐकून घेतात, म्हणाले इरशादभाई. पण सही म्हणजे देवाणघेवाण. तुम्ही त्यांचं नाव लिहून मागितलंत, आता ते तुमचं मागतील.

मी म्हणाले, मग कागद फाडते. फाडला. चार तुकडे करून टोपलीत टाकला.

२४ एप्रिल, गुरुवार

कागद डायरीच्या खिशात आहे. अखंड.

हजेरीवर माझी सही मी यायच्या आधीच झालेली. माझंच अक्षर, माझ्याच वळणाचा ‘न’.

शांतादेवींनी डब्यातलं वाढलं ते तिघांपुरतंच. मी ताट पुढं केलं तर दचकल्या, आणि हसल्या, अगं तू हायेस होय.

२५ एप्रिल, शुक्रवार

कागदावर बंकटरावांचं नाव होतं तिथं आता माझं नाव आहे. खाडाखोड नाही. माझ्याकडून अदलाबदल झाली, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. आणि सगळ्यात भीती याची वाटते की त्यातलं एक अक्षरही खोटं नाही.

दुपारी एक बाई माझं नाव घेऊन विचारत आल्या. मी समोर बसले होते. आप्पा म्हणाले, नाजियाताई शिवारात गेल्यात.

मी ओरडून उभी राहिले. आप्पांनी नुसता कान चोळला.

२६ एप्रिल, शनिवार

आज खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. गेली नोकरी तर गेली, झाला निकाह तर झाला. हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाले, चूक माझी, पंखा मी लावला, बंकटरावांचा काही संबंध नाही. दोनदा म्हणाले. इरशादभाईंनी मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. त्यांना अंदाज आलाय. पण ते परत यंत्राकडे वळले. भित्रे आहेत. मीही होतेच की.

संध्याकाळी चिठ्ठी निघाली. तिघं म्हणाले, “नाजियाचं.”

माझी चूक नव्हती ती आजची! मी आज कशाला हातसुद्धा लावला नव्हता —

२७ एप्रिल, रविवार

पळाले. निदान प्रयत्न केला. स्टँडवर तीन एसटी आल्या, बीडची दोनदा आली. दारात पाय ठेवला की कंडक्टर दार ओढून घेतो, समोर कुणी नसल्यासारखं. माणसं अंगावरून चालत जातात.

परत आले तर खोलीला बाहेरून कुलूप. आमिनाबी मुलाला सांगत होत्या, पोरगी शिवारात गेलती, आजून आली न्हाई.

ऑफिसची किल्ली तेवढी माझ्याकडे. आता इथंच आहे.

२८ एप्रिल, सोमवार

तो माझ्या खुर्चीत बसतो.

पाठमोरा. टाचांना भेगा, भेगांत काळी माती. हजेरीवर माझी सही करतो, सावकाश, जीभ दातांत धरून. मी भिंतीला टेकले आहे. टेकल्यावर भिंत गार लागत नाही, काहीच लागत नाही —

माझ्यासाठी कप ठेवलाय. पाचव्या टेबलावर. बशी झाकून.

पिणार नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

प्यायले. चहाला मातीची चव.

अब्बांना फोन लावला. उचलला त्यांनी. नाजिया, नाजिया म्हणत राहिले. मी इतकी ओरडले. मग आप्पांनी स्वतःच्या फोनवरून त्यांना कळवलं, मुलीचं काही ठीक नाही, चूक झाली आणि कामावर येत नाही, तुम्ही या.

अब्बा येतील. अब्बा मला ओळखतील. माझ्या पावलांचा आवाज ते गॅरेजच्या गोंगाटात ओळखतात.

हजेरीपटावर आता चारच नावं. बंकटरावांचं नाही.

दुपारी तो माझ्या खुर्चीतून उठला. दाराकडे गेला. वळून बघितलं माझ्याकडे. साधा माणूस होता हो, थकलेला. हात जोडले मला — आणि उन्हात निघून गेला —

३० एप्रिल, बुधवार

अब्बा आले. मोटारसायकलवर, एवढ्या उन्हात. डोक्याला अम्मीची ओढणी गुंडाळलेली.

आप्पांनी पाणी दिलं. मऊ आवाजात सगळं सांगितलं. कागद दिला, तोच, माझ्या डायरीच्या खिशातला.

वाचताहेत. अक्षर माझंच. त्यांना माझं अक्षर माहीत आहे, पहिलीपासून पाटीवर त्यांनीच गिरवून घेतलं. अब्बा, तो खरा आहे, पण सगळा नाही. मी इथं आहे. तुमच्यासमोर, हातभर अंतरावर —

शांतादेवी विचारतात, मग कुणाचं म्हणायचं भाईसाहेब?

नका म्हणू. अब्बा, काहीही म्हणा, तेवढं नका —

मान खाली. कागदाची घडी घातली. हळूच म्हणाले, “नाजियाचंच.”

रडताहेत. माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसलेत, पाचव्या टेबलापाशी, चालवेना म्हणून. डायरी त्यांच्यासमोर उघडी धरलीय. मोठ्या अक्षरात लिहिते. अब्बा मी इथंच आहे अब्बा मी

बघितलं! पानाकडे बघितलं —

तळवा ठेवला पानावर. म्हणतात, या टेबलावर माती किती साचलीय. झटकतात. एका हातानं, गॅरेजात बाकडं झटकतात तसं. अक्षरं त्यांच्या हाताखाली निघून येताहेत, आधी तारीख, मग माझं नाव, आता हा —